जुन्या गोळ्या, नवा ताप: सूज आणि रक्ताच्या गाठींवरच्या औषधांबद्दल तुम्ही सारखं विचारता ते सगळं

सांगलीत माझं मेडिकल आहे. पाऊस उघडला की तापाची साथ येते आणि माझ्या फोनवर चिठ्ठ्यांचे फोटो सुरू होतात, त्यातले निम्मे कोविडच्या वेळचे असतात आणि खाली एवढंच लिहिलेलं, "हे चालेल का". तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच बसून लिहिलंय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. औषध काय आहे, कसं काम करतं, कशावर तपासलंय हे मी सांगणार, तुमच्या पेशंटला द्यायचं का ते त्याला हात लावून तपासणारा डॉक्टर सांगणार. आकडे बहुतेक कोविडचे आहेत, कारण जुनी औषधं इतक्या पेशंटवर एकदम तपासून बघायची वेळ त्याच आजारात आली.

१. रिपर्पजिंग म्हणजे काय ओ? जुनाच माल नव्या नावानं विकायचा का?

नाही, माल तोच, नावही तेच, फक्त आजार नवा. एका रोगासाठी बनवलेलं औषध दुसऱ्या रोगावर चालतंय का ते रीतसर तपासायचं आणि मग वापरायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मलेरियाचं, ते संधिवाताला लागू पडलं. ॲस्पिरिन अंगदुखीचं, आज ते हार्टच्या पेशंटच्या डबीत असतं. थॅलिडोमाइडमुळं पोटातल्या बाळांचे हातपाय गेले म्हणून ते कायमचं बदनाम झालं, आणि तेच पुढं कुष्ठरोगातल्या एका वाईट रिॲक्शनवर कामाला आलं.

माझी आवडती गोष्ट रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनची, दारात गाय असणाऱ्याला ती लगेच कळते. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं रक्त वाहून मरायला लागली, शिंग कापलं तरी रक्त थांबेना, आणि शेवटी कारण निघालं बुरशी लागलेला चारा. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन बर्फातनं विद्यापीठात पोचला, तिथं कार्ल लिंक यांच्या लॅबनं चाऱ्यातला तो पदार्थ पुढं काही वर्षांत शोधून काढला. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसासाठी मंजूर झालं, आणि १९५५ मध्ये हार्ट ॲटॅक आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच दिलं. उंदरापासून अध्यक्षापर्यंत सात वर्षं.

जुन्या औषधाचा फायदा असा की डोस माहीत असतो, साइड इफेक्ट माहीत असतात, कारखाना चालू असतो आणि भाव बहुतेक वेळा परवडतो. पण एका आजारात चालणारी गोळी दुसऱ्या आजारात नुकसान करू शकते, आणि या पानावरचे निम्मे प्रश्न तिथंच येऊन थांबतात.

२. आजार व्हायरसचा आहे तर व्हायरस मारायचं औषध द्या की, सुजेचं कशाला?

ऊस तुटून गेला की आपल्याकडं पाचट पेटवतात. पेटवायचं असतं आपलंच पाचट, पण वारं सुटलं की आग बांध ओलांडून शेजारच्या उभ्या उसात जाते. शरीराचं तसंच होतं. पहिले पाच-सात दिवस व्हायरस वाढतो आणि शरीर त्याच्यावर आग लावतं, ताप, अंगदुखी हा त्याचाच भाग. बहुतेक लोकांत आग आपोआप विझते. थोड्या लोकांत दुसऱ्या आठवड्यात व्हायरस कमी होत आला तरी आग चालूच राहते आणि फुप्फुसच जळायला लागतं. तेव्हा व्हायरस मारून फारसं हाती लागत नाही, आग आवरावी लागते, आणि आग आवरायची औषधं दमा, संधिवात, ॲलर्जीसाठी आधीपासून दुकानात होतीच. ही सूज पायावर येते तशी दिसत नाही हे लक्षात ठेवा, ती आतली असते, रिपोर्टमध्ये सीआरपी, फेरिटिन वाढलेलं दिसतं.

३. सुजेचा आणि रक्ताच्या गाठीचा काय संबंध?

आधी शब्द नीट करू, इथं गाठ म्हणजे गुठळी, नळीत गोठलेलं रक्त, काखेतली गाठ नव्हे. रक्तवाहिनीला आतनं एक गुळगुळीत अस्तर असतं, ते चांगलं असेल तर रक्त त्याला चिकटत नाही. सुजेनं ते अस्तर खरवडलं जातं, प्लेटलेट तिथं चिकटतात, पांढऱ्या पेशी जंतू पकडायला स्वतःचंच जाळं टाकतात आणि त्या जाळ्यात रक्त अडकून गोठतं. जंतू पसरू नये म्हणून शरीरानं घातलेला हा बांध आहे, थोडा असला तर कामाचा. कोविडमध्ये फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत असे बांध जागोजागी पडले, म्हणून हवा आत जात होती पण रक्तापर्यंत ऑक्सिजन पोचत नव्हता. म्हणजे सूज आणि गुठळी एकाच भांडणाची दोन टोकं आहेत, तरी दोन्हीची औषधं वेगळी, कशी ते प्रश्न ७ मध्ये आहे.

४. डेक्सामेथासोननं जीव वाचतो म्हणतात, मग तापाच्या पहिल्याच दिवशी का देत नाहीत?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची ट्रायल सुरू झाली, ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे हे तिचे प्रमुख. पद्धत साधी, ॲडमिट पेशंटची चिठ्ठी काढल्यासारखी वाटणी करायची, काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्याशिवाय एक जुनं औषध, आणि २८ दिवसांनी कोण जगलं ते मोजायचं. डेक्सामेथासोन, म्हणजे सूज आवरणारं स्टेरॉइड, २,१०४ लोकांना दिलं, ४,३२१ लोकांना दिलं नाही. डोस दिवसातनं एकदा ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. १६ जून २०२० ला निकाल सांगितला तेव्हा जगभर बातमी झाली, कारण हे औषध १९५० च्या दशकातलं आहे आणि इतकं स्वस्त की आमच्याकडं कुणी त्याची पावतीसुद्धा मागत नाही.

आता आकडे नीट बघा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये औषध न घेणाऱ्यांचे ४१.४ टक्के मृत्यू, घेणाऱ्यांचे २९.३ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर असणाऱ्यांत २६.२ विरुद्ध २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात? न घेणाऱ्यांचे १४ टक्के, घेणाऱ्यांचे १७.८ टक्के. या शेवटच्या फरकावरनं औषधानं नुकसानच झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण फायदा झाला नाही हे नक्की.

का, ते प्रश्न २ मधल्या आगीवरनं कळेल. पहिल्या दिवसात ती आग तुमच्या कामाची असते, तीच विझवली तर व्हायरसला रान मोकळं. औषध तेच, डोस तोच, फक्त दिवस चुकला.

अजून एक, जास्त दिलं तर जास्त फायदा हेही खोटं निघालं. त्याच रिकव्हरीनं नंतर जास्त डोस तपासला, सुरुवातीला रोज २० मिलिग्रॅम, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्या किंवा साधा ऑक्सिजन लागणाऱ्या लोकांत मृत्यू १२ वरनं १९ टक्क्यांवर गेले. २०२१ च्या लाटेत "जरा पॉवरचा डोस द्या" म्हणून काउंटरवर भांडणारे मला अजून आठवतात.

५. डेक्सा मिळाली नाही, मेड्रॉल घरात आहे, तीच देऊ का?

दोन्ही स्टेरॉइडच आहेत पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बसत नाही. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण ३२ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे तुमची मेड्रॉल, किंवा ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. डॉक्टर बदलून देऊ शकतात, घरी आकडा जुळवत बसू नका. आणि "घरात आहे" हे कुठलीही गोळी द्यायचं कारण नाही, त्याबद्दल शेवटचा प्रश्न वाचा.

६. स्टेरॉइडमुळं काळी बुरशी होते म्हणे, मग हे औषध घ्यायचंच नाही का?

जिथं गरज आहे तिथं घ्यायचंच, प्रश्न ४ मधला व्हेंटिलेटरचा आकडा परत बघा. म्युकरमायकोसिसचे जंतू हवेत, मातीत, कुजलेल्या पाल्यात नेहमीच असतात, निरोगी माणसाला ते काही करत नाहीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर जे झालं त्यात बहुतेक वेळा शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले होते, शुगर आधीच ताब्यात नाही, वर स्टेरॉइड गरज नसताना किंवा जास्त दिवस, त्यानं शुगर अजून वर, आणि प्रतिकारशक्ती खाली. म्हणून स्टेरॉइड चालू असताना दिवसातनं तीन-चार वेळा शुगर बघायची, फक्त सकाळची उपाशीपोटी बघून खूश व्हायचं नाही, सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडनं शुगर दुपारी-संध्याकाळी जास्त चढते. आधी डायबेटिस नसलेल्यांचीसुद्धा चढते. गाल दुखणं, नाकातनं काळपट पाणी, डोळ्याखाली सूज, दात हलायला लागणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा, अंगावर काढू नका.

७. रक्त घट्ट होतंय म्हणतात, मग इकोस्प्रिन घरीच सुरू केली तर काय बिघडलं?

"रक्त पातळ करायची गोळी" हा शब्दच घोळ करतो. रक्त काही ताक नाही पाणी घालून पातळ करायला. गुठळी बनायला दोन गोष्टी लागतात, प्लेटलेट आणि रक्तातली गोठवणारी प्रथिनं. ॲस्पिरिन म्हणजे इकोस्प्रिन प्लेटलेटना चिकटू देत नाही. हेपॅरिन, वॉरफरिन, ॲसिट्रॉम, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन हे प्रथिनांच्या साखळीत खोडा घालतात. एक औषध दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

ॲस्पिरिन रिकव्हरीत १४,८९२ ॲडमिट पेशंटवर तपासलं, रोज १५० मिलिग्रॅम. मृत्यू दोन्हीकडं १७ टक्के. गुठळीचे त्रास ५.३ वरनं ४.६ टक्क्यांवर आले, पण मोठा रक्तस्राव १ वरनं १.६ टक्क्यांवर गेला, म्हणजे हजारातले साधारण सहा वाचले आणि साधारण तितकेच नव्यानं अडकले. घरीच असलेल्या पेशंटवर अमेरिकेत ॲस्पिरिन आणि अपिक्साबॅन तपासायला घेतलं होतं, ती ट्रायल मधेच थांबवली कारण घरच्या पेशंटमध्ये गुठळ्यांचा त्रास इतक्या कमी जणांना होत होता की गोळीनं फरक दिसणारच नव्हता. आणि तो ताप डेंग्यूचा निघाला तर? मग प्रश्न १० वाचा, तो आधी वाचला असता तर बरं अशी वेळ येऊ देऊ नका.

८. मग ॲडमिट केल्यावर पोटात रोज इंजेक्शन का टोचतात?

ते हेपॅरिन किंवा त्याचा हलका प्रकार, एनॉक्सापॅरिन. ॲडमिट माणूस पडून असतो, सूज असते, पायात गुठळी होऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो म्हणून छोटा डोस देतात. मोठ्या डोसचा निकाल मात्र गमतीदार आला. ऑगस्ट २०२१ मध्ये तीन ट्रायल एकत्र करून छापलं, आयसीयूत न गेलेल्या २,२१९ पेशंटमध्ये मोठ्या डोसनं फायदा दिसला, आणि आयसीयूतल्या १,०९८ पेशंटमध्ये अजिबात नाही. सगळ्यांना उलटं वाटत होतं, जितका गंभीर पेशंट तितका मोठा डोस. स्टेरॉइडला उशिरा फायदा आणि हेपॅरिनला लवकर फायदा! बहुधा आयसीयूत जाईपर्यंत बांध पडून गेलेले असतात, मग बांध पडू न देणारं औषध काय करणार.

टोचल्या जागी निळं पडतं, ते चोळू नका. किडनीच्या पेशंटला एनॉक्सापॅरिनचा डोस कमी करावा लागतो, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा. आणि क्वचित पाच ते दहा दिवसांनी हेपॅरिनमुळंच प्लेटलेट पडतात आणि उलट गुठळ्या होतात, म्हणून मधे सीबीसी काढतात, डॉक्टर उगाच रक्त काढतायत असं नाही. काही माळकरी घरातनं विचारणा होते म्हणून सांगतो, हेपॅरिन डुकराच्या आतड्यातनं काढतात. चालत नसेल तर डॉक्टरना आधीच सांगा, फोंडापॅरिनक्स नावाचं कारखान्यात बनवलेलं इंजेक्शन आहे, बसतंय का ते तेच ठरवतील.

९. लॅबमध्ये स्वतःच डी-डायमर केला, वाढलाय, आता काय?

आता काही नाही, डॉक्टरना दाखवा. डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना पडणारा चुरा. तो वयानं वाढतो, गरोदरपणात, ऑपरेशननंतर, कुठल्याही इन्फेक्शनमध्ये वाढतो. धाप, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज असं काही नसताना नुसत्या आकड्यावर गोळी घ्यायची नाही.

१०. डेंग्यूतपण सूज असते ना, मग तिथं स्टेरॉइड आणि ॲस्पिरिन का नाही?

कारण डेंग्यूची गाडी उलट्या दिशेनं जाते. कोविडमध्ये नळी बंद पडते, डेंग्यूत नळी गळते. रक्तातलं पाणी नळीबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, आणि प्लेटलेट कमी झाल्यानं रक्तस्रावाची भीती. अशा वेळी ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक म्हणजे आगीत तेल. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या डोसनं, लिव्हर आधीच दुखावलेलं असतं. स्टेरॉइडचा फायदा डेंग्यूत सिद्ध झालेला नाही. कोविडला चाललं म्हणून डेंग्यूला चालेल हे गणित इथं सपशेल चुकतं.

आता "पेशी कमी झाल्यात, पेशी चढवा" यावर. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ डेंग्यू पेशंटवर तपासलंय, प्लेटलेट २०,००० किंवा कमी पण मोठा रक्तस्राव नाही अशांना, पेशी चढवल्यानं रक्तस्राव कमी झाला नाही, उलट रिॲक्शनचा त्रास वाढला, २०१७ मध्ये छापलंय. रक्त वाहत असेल तर गोष्ट वेगळी. पपईच्या पानाचा रस, किवी यावर माझ्याकडं लोक फार पैसे घालवतात, किवी खा पण सलाईनच्या ऐवजी नको. धोक्याचा काळ ताप उतरल्यानंतरचा असतो हे घरच्यांना पटतच नाही, ताप गेला म्हणून डिस्चार्ज मागतात आणि त्याच दिवशी पोट दुखायला लागतं. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हातपाय गार, लघवी कमी, ही चिन्हं पेशींच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची.

११. पुराच्या पाण्यात उभं होतो, ताप आला, पेशी कमी, डेंग्यू निगेटिव्ह. मग काय?

२०१९ च्या महापुरानंतर हे आमच्या लक्षात राहिलंय. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, उंदीर-जनावरांच्या लघवीतनं पाण्यात आलेला. तो व्हायरस नाही, बॅक्टेरिया आहे, त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारखं अँटिबायोटिक लागतं आणि उशीर झाला तर किडनी जाते. डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, कावीळ दिसते तर पाण्यात उभं होतो हे डॉक्टरना स्वतःहून सांगा, ते विचारायला विसरतील कदाचित.

१२. चिकुनगुन्यानंतर तीन महिने सांधे धरलेत, संधिवाताची गोळी चालते का?

इथं जुनं औषध खरंच कामाला येतं, पण टप्प्यानं. पहिल्या दिवसांत डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत ब्रुफेन-डायक्लोफेनॅक नको, दोन्ही एकाच डासानं येतात. डेंग्यू नाही ठरलं की दुखण्याच्या गोळ्या चालतात. तीन महिन्यांनंतरही सकाळी मूठ वळत नसेल तर संधिवाताचे डॉक्टर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मेथोट्रेक्सेट यांचा विचार करतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातनं एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून मी पाकिटावर वार लिहून देतो.

१३. वडिलांना दोन स्टेंट आहेत, इकोस्प्रिन-क्लोपिडोग्रेल चालू आहे, आणि आता डेंग्यू पॉझिटिव्ह. गोळी बंद करू का?

मनानं बंद नको, मनानं चालूपण नको, त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरना फोन. नवीन स्टेंटवाल्यानं गोळी सोडली तर स्टेंट बंद पडू शकतो आणि प्लेटलेट फार पडल्या असताना गोळी चालू ठेवली तर रक्तस्राव. स्टेंट कधी टाकला ती तारीख, आजच्या प्लेटलेट आणि कुठनं रक्त येतंय का, या तीन गोष्टींवर ठरतं. डिस्चार्ज कार्डावर तारीख असते, ते शोधून ठेवा.

१४. आईला व्हॉल्व्ह बदललाय, ॲसिट्रॉम घेते. साध्या तापात काही वेगळं करायचं का?

हो, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, लवकर तपासायचा. ताप आला की जेवण कमी होतं, पालेभाजी बंद, त्यात अँटिबायोटिक सुरू, आणि तीच रोजची गोळी अचानक जड पडते, हिरड्यातनं रक्त, लघवी लाल. डॉक्टरना ॲसिट्रॉमचं नाव पहिल्या वाक्यात सांगा. वर इकोस्प्रिन किंवा ब्रुफेन स्वतःहून नको.

१५. कोल्चिसिन, आयव्हरमेक्टिन, एचसीक्यू सगळं पेपरात आलं होतं, त्यातलं काय उरलं?

फारसं काही नाही. कोल्चिसिन हे गाऊटचं औषध, सूज कमी करतं म्हणून रिकव्हरीत ११,३४० लोकांवर बघितलं, दोन्हीकडं २१ टक्के मृत्यू. वर ते क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर घेतलं तर विषारी होऊ शकतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, म्हणजे एचसीक्यू, घेणाऱ्यांत २७ टक्के, न घेणाऱ्यांत २५. आयव्हरमेक्टिन तर गोठ्यात जनावराच्या जंतावर वापरतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्या औषधाच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं ते परोपजीवींसाठी, कोविडमध्ये ब्राझीलच्या १,३५८ पेशंटवर तपासलं तर ॲडमिट होणं कमी झालं नाही. आपल्याकडंही सप्टेंबर २०२१ मध्ये एचसीक्यू आणि आयव्हरमेक्टिन ही दोन्ही सरकारी गाइडलाइनमधनं काढली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तपासून बघितलं म्हणून तर कळलं. तपासायच्या आधीच डबेच्या डबे विकले गेले, ते चुकलं, आणि त्यात आम्ही मेडिकलवालेपण होतो.

१६. संधिवाताची ती महाग इंजेक्शनं खरंच लागू पडली का?

हो, ठरावीक पेशंटला. टोसिलिझुमॅब आयएल-६ नावाचा सुजेचा निरोप अडवतं, रिकव्हरीत ४,११६ लोकांत मृत्यू ३५ वरनं ३१ टक्क्यांवर आले, आणि त्यातल्या बहुतेकांना स्टेरॉइड आधीच चालू होतं. म्हणजे स्टेरॉइड सोडून हे नव्हे, स्टेरॉइडच्या वर हे. बॅरिसिटिनिब गोळी आहे, तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२२ मध्ये गंभीर पेशंटसाठी केली. दुसऱ्या लाटेत एका इंजेक्शनसाठी लोक मिरज, कोल्हापूर, पुणे फोन फिरवत होते, आणि त्यातल्या कित्येकांची चिठ्ठी बघून वाटायचं की या पेशंटला अजून याची वेळ आलेली नाही, पण तेव्हा कोण ऐकणार. आपल्याकडं टीबी घरोघर दडून असतो, या औषधांनी तो जागा होऊ शकतो, आधी टीबी झाला असेल तर लपवू नका.

१७. स्वाईन फ्लूत धाप लागली तर तेच स्टेरॉइड ना?

नाही. फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइड घेतलेल्यांची अवस्था जास्त वाईट झालेली अनेक पाहण्यांत दिसली. २०२३ मध्ये गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडनं मृत्यू ११.९ वरनं ६.२ टक्क्यांवर आले, पण त्या ट्रायलमध्ये फ्लूचे पेशंट घेतलेच नव्हते. अर्थात दमेकऱ्याला फ्लूत दमा उठला तर स्टेरॉइड द्यावं लागतं, ते दम्यासाठी. आणि फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या पोराला ॲस्पिरिन कधीच नाही, मेंदू आणि लिव्हरला सूज येणारा राय सिंड्रोम नावाचा आजार होऊ शकतो.

१८. बायको सहाव्या महिन्यात आहे, तिला यातलं काय चालतं?

हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिन वारेतनं बाळाकडं जात नाही, म्हणून तेच वापरतात, वॉरफरिन-ॲसिट्रॉम जातं. स्टेरॉइडमध्येही फरक आहे, रिकव्हरीत गरोदर बायकांना डेक्साऐवजी प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन दिलं, कारण डेक्सा बाळापर्यंत जास्त पोचतं. ब्रुफेनसारख्या गोळ्या या महिन्यात नकोत.

१९. हळदपण सूज उतरवते ना? आपल्या सांगलीची हळद तर जगात जाते.

जाते, आणि वसंतदादा मार्केट यार्डाचा वास मला कुठल्याही परफ्यूमपेक्षा आवडतो. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातनं रक्तात फार थोडं शिरतं, दूध-हळदीनं घशाला बरं वाटतं तेवढं घ्या. कॅप्सूलमधला दाबून भरलेला अर्क वेगळा, ॲसिट्रॉम किंवा इकोस्प्रिनवाल्यांनी तो विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो.

२०. कोविशील्डनं गाठी होतात असं कोर्टात कबूल केलं म्हणे, मग आता रोज ॲस्पिरिन घेऊ का?

घेऊ नका. तो त्रास खरा आहे पण फार दुर्मिळ, आणि तो डोस घेतल्यावर पहिल्या महिना-सव्वा महिन्यात दिसतो. तुमचा डोस २०२१ चा, तेव्हाच काही झालं नाही म्हणजे आता त्याच्यामुळं होणार नाही. शिवाय त्या आजारावर ॲस्पिरिन हा इलाज नाहीच, तिथं हेपॅरिनसुद्धा टाळतात आणि वेगळी औषधं देतात. इकोस्प्रिन कुणासाठी ते प्रश्न ७ आणि १३ मध्ये आलंय.

२१. डिस्चार्जनंतर गोळ्या किती दिवस? स्टेरॉइड एकदम बंद केलं तर?

दहा दिवसांच्या आतलं स्टेरॉइड बहुतेक वेळा एकदम बंद करता येतं. तीन-चार आठवडे चाललं असेल तर हळूहळू कमी करतात, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. गुठळीची गोळी सगळ्यांना लागत नाही. ब्राझीलमध्ये जास्त धोका असणाऱ्या ३२० लोकांना डिस्चार्जनंतर ३५ दिवस रिव्हारोक्साबॅन १० मिलिग्रॅम देऊन बघितलं, गुठळीचे त्रास ९.४ वरनं ३.१ टक्क्यांवर आले. जास्त धोका असणाऱ्या हे शब्द महत्त्वाचे. चिठ्ठीवर किती दिवस ते लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या, माझ्याकडं दोन वर्षं तीच गोळी नेणारे एक काका होते, कुणी थांबव म्हणालंच नव्हतं.

२२. कोविडच्या वेळची चिठ्ठी आहे, लक्षणं सेम आहेत, तेवढंच द्या की!

नाही देणार, आणि राग मानू नका. औषध नव्या आजाराला लावायला हजारो पेशंट आणि ट्रायल लागते हे वर वाचलंत, तुम्ही चिठ्ठीच नव्या आजाराला लावताय. त्या चिठ्ठीतलं स्टेरॉइड तेव्हाच्या आठव्या दिवसासाठी होतं, आज तुमचा दुसरा दिवस आहे. तेव्हा ऑक्सिजन ८९ होता, आज ९८ आहे. तेव्हा कोविड होता, आज डेंग्यू असू शकतो आणि त्याच चिठ्ठीत इकोस्प्रिनपण आहे. शिवाय ही शेड्यूल एचमधली औषधं आहेत, चालू चिठ्ठीशिवाय मला देताच येत नाहीत.

फोटो पाठवायचाच असेल तर आजच्या चिठ्ठीचा पाठवा आणि खाली चार गोष्टी लिहा, तापाचा कितवा दिवस, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन किती, शुगर किती, आणि आधीपासनं चालू असलेल्या गोळ्या कुठल्या. नुसतं "हे चालेल का" आलं तर मी उलट हेच चार प्रश्न विचारणार. रात्री साडेदहाला शटर आणि फोन दोन्ही बंद होतात, धाप लागली असेल तर माझी वाट न बघता सरळ सिव्हिल गाठा.